रत्नागिरी की मालवण? शनिवार-रविवार हातात असेल तर कुठे जायचं

माझं माहेर रत्नागिरी आणि सासर मालवण, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या ओळखीपाळखीतल्या कुणाचाही फोन आला की प्रश्न ठरलेला, शुक्रवारी रात्री निघतोय, रविवारी रात्री परत यायचंय, दोनातलं कुठलं गाव सांगतेस? बहुतेकांना वाटतं की दोन्हीकडे समुद्र, किल्ला, मासे, नारळ, सोलकढी, मग कुठेही गेलं तरी तेच. मला हे अजिबात पटत नाही. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण आहे, कोर्ट-कचेऱ्या, कॉलेजं, बाजार, बंदर सगळं स्वतःच्या गतीने चालू असतं आणि पर्यटक त्यात मिसळून जातो. मालवणला माणूस जातो तो पाण्यासाठी. पाण्यात उतरायचं नसेल, होडीत बसायचं नसेल, तर तिथली निम्मी मजा गेली समजा.

पहिल्यांदा प्रवासाचं बोलू, कारण दोन दिवसांच्या सुट्टीत खरा घोळ तिथेच होतो. मुंबईहून शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडलीत तर पहाटे पहाटे रत्नागिरीला उतरता, अंघोळ-नाश्ता करून सकाळपासून मोकळे. तीच गाडी कुडाळला पोचायला अजून तीनेक तास घेते, आणि मालवणला स्टेशन नाही हे लोक विसरतात, कुडाळहून पुढे एसटी नाहीतर रिक्षा करून तीसेक किलोमीटर जायचं, म्हणजे मुक्कामी पोचेपर्यंत शनिवारची निम्मी सकाळ गेलेली असते. परत येतानाही तेच गणित उलटं. रस्त्याने बघायचं तर मुंबई-रत्नागिरी साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या आत, मालवण पाचशेच्या आसपास, आणि मुंबई-गोवा हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते मी सांगायला नको. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना मात्र हा प्रश्नच नाही, आंबा घाट उतरला की रत्नागिरी, गगनबावड्याकडून किंवा फोंडा घाटातून उतरला की मालवण, सकाळी निघून जेवायला पोचता येतं. त्यांनी मनाला येईल ते करावं. मुंबईकरांना माझं स्पष्ट म्हणणं, दोनच दिवस असतील तर रत्नागिरी, सोमवार जोडून मिळाला तर मालवणचा विचार करा. आणि रेल्वेचं बुकिंग दोन महिने आधी उघडतं, त्याच दिवशी करून टाका, डिसेंबर आणि मे महिन्यात नंतर काही हाती लागत नाही.

आता समुद्र. रत्नागिरीचे समुद्र बघण्याचे, चालण्याचे, बसण्याचे. शहरातच मांडवी आहे, काळी वाळू, म्हणून तो काळा समुद्र, आणि रत्नदुर्ग किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र. मधे रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलाय, त्याच्या एका बाजूला काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरी, हे एका संध्याकाळी दोन्हीकडे पायी जाऊन बघता येतं आणि लहान मुलांना याची फार गंमत वाटते. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की भाट्ये, लांबच लांब सपाट किनारा, मागे सुरूचं बन, टोकाला झरी विनायकाचं मंदिर. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला भाट्येसारखी जागा नाही, वाळू घट्ट आहे, पाय रुतत नाही. आणि गणपतीपुळ्याला जाणार असाल तर कृपा करून निवळीवरून आतल्या रस्त्याने जाऊ नका, आरे-वारेवरून जा, पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि आरेच्या चढावर गाडी बाजूला लावून खाली बघितलंत की दोन्हीकडचे किनारे एका नजरेत येतात. फक्त तिथे पाण्यात उतरू नका. आरे-वारे आणि गणपतीपुळे दोन्हीकडे पाण्याला ओढ आहे, माणसं गेलेली आहेत, किनाऱ्यावर तसे फलक लावलेत ते वाचा आणि गावातला माणूस नको म्हणाला तर ऐका.

मालवणचं पाणी वेगळं. चिवल्याचा किनारा अर्धगोल, त्यामुळे लाटा फार अंगावर येत नाहीत, पोहायला शिकलेली मुलं तिथे तासन्‌तास पडून असतात. तारकर्लीला वाळू पांढरी आणि थंडीच्या दिवसात पाणी इतकं नितळ की गुडघाभर पाण्यात पायाची बोटं दिसतात. स्कूबा करायचं तर नोव्हेंबर ते मार्च, त्यात डिसेंबर-जानेवारी उत्तम, एप्रिलनंतर पाणी गढूळ व्हायला लागतं. पुढे देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी घराच्या पुढच्या दाराने नदी आणि मागच्या दाराने समुद्र. संगमावर होडीने नेतात, सकाळी लवकर गेलात तर डॉल्फिन दिसायची शक्यता असते, दिसतीलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एक गोष्ट मनापासून सांगते. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून पर्यटकांचे जीव गेले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, बोट भरलेली वाटली तर पुढच्या बोटीची वाट बघा, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

मालवणात एक सकाळ मात्र रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीसाठी, राखून ठेवा, हे कुठल्या पॅकेजमध्ये नसतं. उजाडताना चिवल्याच्या किंवा दांडीच्या किनाऱ्यावर जायचं. होडीने आत अर्धगोल जाळं टाकून त्याचे दोर दोन टोकांना किनाऱ्यावर आणलेले असतात, आणि मग दोन्हीकडे दहा-दहा पंधरा-पंधरा माणसं ओळीने उभी राहून ओढतात, मागे मागे सरकत, शेवटचा माणूस दोर सोडून परत पुढे पाण्याकडे येतो. बराच वेळ चालतं हे. जाळं जवळ आलं की पाणी आधी खळबळतं, मग चंदेरी दिसायला लागतं, आणि तोवर बायका टोपल्या घेऊन आलेल्या असतात. पर्यटकांनी दोराला हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही, उलट जागा करून देतात. जाळ्यात काय येईल ते त्या दिवसाचं नशीब, कधी तारली, कधी बांगडे, कधी नुसता कचरा आणि प्लॅस्टिक. आमच्या सासूबाई अजूनही सकाळी पहिला प्रश्न तोच विचारतात, "आज रापणीक काय गावला?" रत्नागिरीत याच्या तोडीचं बघायचं तर मिरकरवाड्याची जेटी, तिथे मोठे ट्रॉलर लागतात, बर्फ, क्रेट, लिलाव, आरडाओरडा, एकदम धंद्याची जागा आहे. बघण्यासारखी नक्की आहे पण मधेमधे उभं राहून फोटो काढू नका, त्यांची घाई असते.

इतिहासाची आवड असेल तर तराजू दोन्हीकडे झुकतो. सिंधुदुर्ग किल्ला बघितल्यावर माणूस गप्प होतो. 1664 मध्ये कुरटे बेटावर महाराजांनी बांधायला घेतला, तीन वर्षांत उभा केला, जवळपास तीन किलोमीटरचा तट, पायात शिसं ओतलेलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आत आजही काही कुटुंबं राहतात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. लोक जेट्टीवरून होडीने जातात, घाईघाईत फिरतात आणि होडी सुटेल म्हणून परत पळतात, तसं करू नका, होडीवाल्याला आधीच सांगा की आम्हाला जास्त वेळ हवाय, आणि तटावरून चाला, किल्ला वरूनच कळतो.

रत्नागिरीचा इतिहास किल्ल्यापेक्षा गल्लीबोळात आहे. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, साधं कौलारू कोकणी घर, अर्ध्या तासात होतं. तिथून पतित पावन मंदिर जवळच, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, सगळ्या जातींना मोकळं. आणि थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, हा राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. लाल जांभ्याची ती इमारत, अर्धगोल खिडक्या, आणि तिथून दिसणारी खाडी, मला आजही तिथे गेलं की वाईट वाटतं. राजाची समाधीही शहरातच आहे पण तिकडे फारसं कुणी वळत नाही, तुम्ही जा. संध्याकाळी थिबा पॉइंटवर बसलात की खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल आणि समोर सूर्यास्त. रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला सकाळच्या वेळी गेलात तर ऊन लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत मी सासरच्या बाजूने. मालवणात बांगड्याचं तिखलं तिरफळ घालून करतात, तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) सांबारं, सुंगटं (कोळंबी), मोरी माशाचं मटण, आणि रविवारी कोंबडी-वडे. घरगुती खानावळीत जेवा आणि सकाळीच फोन करून किती माणसं आहात ते सांगून ठेवा, कारण तिथे त्या दिवशीच्या बाजारावर स्वयंपाक ठरतो. मात्र घरात कुणी शाकाहारी असेल तर रत्नागिरी बरी. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे-आंबोळ्या मिळतात, चव झकास, पण दोन दिवस तेवढ्यावर काढायला लागतात. रत्नागिरीत कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, मार्च-एप्रिलात ओल्या काजूची उसळ, मोदक, सगळं व्यवस्थित मिळतं. आंब्याच्या दिवसांत बाजारात पेटीवर फक्त रत्नागिरी लिहिलंय म्हणून घेऊ नका, ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या, नाहीतर हातात घेऊन वास बघून घ्या.

पावसाळ्यात मात्र तुलनाच संपते. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्गाच्या होड्या बंद, स्कूबा बंद, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद, मालवणात तुम्ही रूमच्या गॅलरीत बसून पाऊस बघणार. काहींना तेच हवं असतं, त्यांनी जरूर जावं, आणि कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव न चुकता बघावा. बाकीच्यांनी पावसात रत्नागिरी करावी, आरे-वारेचा रस्ता, पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, पुढे पूर्णगड, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, सगळं छत्री घेऊन होतं आणि डोंगर असे हिरवे की डोळे निवतात. तेव्हा रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालतात, तेवढा वेळ धरून चाला.

थोडक्यात माणसं बघून ठरवा. आजी-आजोबा बरोबर आहेत, तान्हं मूल आहे, गाडी नाही, रत्नागिरी, कारण रिक्षा मिळते, दवाखाने जवळ आहेत, स्टेशन शहरापासून थोडं लांब असलं तरी एसटी-रिक्षा सतत असतात. मित्रमंडळी आहेत, पोहता येतं, मासे हवेत, मालवण. नवीन लग्न झालेल्यांना मी देवबाग सांगते, पण शनिवार-रविवार सोडून, सुट्टीच्या दिवशी तिथे बोटी आणि स्पीकरचा गोंगाट फार वाढलाय आणि गावातल्या लोकांनाही त्याचा त्रास होतो.

दोन्ही एकाच फेरीत करू का, असं बरेच जण विचारतात. नका करू. मधे दीडशेच्या आसपास किलोमीटर आहेत, शनिवारी आरे-वारे आणि रविवारी सिंधुदुर्ग असं जमवायला गेलात तर सगळा वेळ गाडीत जाईल आणि दोन्हीकडचं जेवण धड बसून होणार नाही. चार दिवस असतील तर गोष्ट निराळी, मग पहिला मुक्काम रत्नागिरीत टाका, सागरी मार्गाने पावस, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड करत खाली उतरा, शेवटचे दोन दिवस मालवण आणि परतीची गाडी कुडाळहून.