डब्ल्यूएक्स-पायथन: एक वाचनालय, तीन संगणक

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा देवघेवीचा प्रोग्रॅम मी २०२० मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. खिडक्या, बटणं, याद्या सगळं डब्ल्यूएक्स-पायथनवर; ही असल्या गोष्टी उभ्या करून देणारी पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. देवघेवीच्या टेबलावर विंडोज १० आहे, बालविभागात देणगीतून आलेला लॅपटॉप आहे त्यावर उबुंटू लिनक्स, आणि चिटणीस सर मॅकबुक वापरतात. एकच कोड तिन्हीकडे चालतो. तो चालावा म्हणून काय काय करावं लागलं ते सविस्तर सांगते, कारण ही लायब्ररी घ्यावी की नाही ते तिथेच ठरतं.

पहिला प्रयोग टीकेइंटर या पायथनसोबतच येणाऱ्या लायब्ररीत केला होता. आमच्या एक सभासद ताई अंध आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून संगणक वापरतात. त्या टॅब दाबत माझ्या खिडकीभर फिरल्या आणि एनव्हीडीए काहीच बोलेना. टीकेइंटरच्या बऱ्याच गोष्टी स्क्रीन रीडरपर्यंत पोचतच नाहीत. डब्ल्यूएक्स विंडोजवर विंडोजचंच बटण उभं करतं, उबुंटूवर तिथल्या जीटीकेचं, मॅकवर तिथल्या कोकोआचं. खुद्द एनव्हीडीएच्या सेटिंगच्या खिडक्या डब्ल्यूएक्स-पायथनमध्ये लिहिलेल्या आहेत. तेवढ्यावर माझा निर्णय झाला. जोडाक्षरंही त्या त्या यंत्रणेकडूनच मांडली जातात, त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ तिन्ही पडद्यांवर नीट दिसते.

डब्ल्यूएक्स-पायथनच्या मुळाशी असलेली सी++ भाषेतली लायब्ररी ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू केली. नावातला ‘डब्ल्यू’ विंडोजचा आणि ‘एक्स’ युनिक्सवरच्या एक्स विंडोचा. म्हणजे दोन वेगळ्या घरांत नांदायचं हे नावातच आहे. दोष शोधताना मला हे सारखं आठवतं.

उबुंटूवर बसवतानाच पहिली अडचण येते. तिथे पिपने (पायथनची पॅकेजं आणून बसवणारं साधन) मागितलं की तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, येत नाही, सगळा सी++ कोड आपल्याच संगणकावर कंपाइल व्हायला, म्हणजे बांधला जायला लागतो. चार जीबीच्या लॅपटॉपवर तो नाद करू नका. ॲप्टमधलं (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज बसवणारं साधन) तयार पॅकेज घ्या, नाहीतर प्रकल्पाच्या वेगळ्या साठ्यातून आपल्या उबुंटूच्या आवृत्तीचं व्हील उतरवा.

आता कपाटांचा नकाशा. पुस्तक शोधलं की कुठल्या कपाटात आहे ते रंगवून दाखवणारा. खोलीत एका भिंतीला सात कपाटं, म्हणून मी पॅनलची रुंदी भागिले सात करून चौकोन काढत होते. विंडोजवर पायथन ३.८ होतं, तिथे दोन वर्षं काही तक्रार नाही. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ चढवलं, त्यात पायथन ३.१०, आणि नकाशा उघडताच टाइपएरर: आर्ग्युमेंटचा प्रकार अनपेक्षित, फ्लोट (म्हणजे अपूर्णांक). मी आधी डब्ल्यूएक्सवरच संशय घेतला. कारण पायथनमध्ये निघालं. अपूर्णांकाचा आपोआप पूर्णांक करून घेण्याची सवलत ३.८ मध्ये नुसत्या सूचनेवर चालत होती, ३.१० मध्ये ती बंद झाली. एका तिरक्या रेषेच्या जागी दोन (//) दिल्या, काही ठिकाणी ‘इंट’ घातलं, एरर गेला.

तरी नकाशा कोराच. हा दुसरा दोष पहिल्याच्या मागे दडला होता. मी बटण दाबल्याबरोबर क्लायंटडीसी ही चित्र काढायची सोय घेऊन थेट पडद्यावर काढत होते. विंडोज ते चालवून घेतं. वेलँडवर (उबुंटूवर खिडक्या पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) आणि मॅकवर त्याचा भरवसा नाही, तिथे यंत्रणा ‘आता काढ’ म्हणेल तेव्हाच काढायचं. सगळं चित्रकाम पेंट इव्हेंटमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या त्या हाकेत, पेंटडीसीवर नेलं आणि बटणात फक्त ‘रिफ्रेश’ ठेवलं. त्या दिवसापासून तिन्हीकडे नकाशा दिसतो. नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून असंच लिहावं, विंडोजवर चालतंय म्हणून थांबू नये.

विंडोजचीही एक खोड आहे. पुस्तकाच्या ‘शेरा’ चौकटीत आम्ही ओळीओळीने लिहितो: ‘मुखपृष्ठ सुटलं’, ‘पान ४२ फाटलेलं’. शेऱ्यात शब्द शोधला की तो निवडून दाखवायचा होता. पहिल्या ओळीत बरोबर, दुसऱ्या ओळीत एक जागा आधी, तिसरीत दोन. तासभर मला वाटत होतं की मात्रा-वेलांट्या मोजण्यात चूक होतेय. मग इंग्रजी शेरे टाकून पाहिले, तोच फरक. विंडोजच्या अनेक ओळींच्या चौकटीत ओळ संपली की दोन चिन्हं धरली जातात आणि आपल्या हातात येणाऱ्या मजकुरात एकच. आधीच्या ओळी मोजून तेवढी भर घातली, फक्त विंडोजसाठी.

असे दोष शोधताना या लायब्ररीने दिलेली हत्यारं मला फार आवडतात. कंट्रोल-आल्ट-आयवर जोडून घेतलेलं विजेट इन्स्पेक्शन टूल चालू प्रोग्रॅमच्या खिडकीचा पूर्ण वंशवृक्ष दाखवतं, सायझरांसकट (खिडकीतल्या गोष्टींची मांडणी करणारे भाग). उबुंटूवर ‘पावती छापा’ हे बटण ‘पावती छा’ एवढंच दिसत होतं. टूलमध्ये पाहिलं तर बटणाचा आकार मी बांधून दिलेला आणि त्याचा स्वतःचा योग्य आकार त्याहून बराच मोठा. बांधलेला आकार काढला, बटण मोकळं झालं. सायझरमध्ये एकमेकांना न चालणारे फ्लॅग (मांडणीच्या सूचना) दिले तर नव्या आवृत्त्या असर्शन नावाचा एरर फेकतात आणि कुठला फ्लॅग का निरर्थक आहे ते वाक्यात सांगतात. जुना कोड त्यामुळे अडतो, मीही दोन खिडक्या दुरुस्त केल्या, पण असं स्पष्ट सांगणारा संदेश मला गप्प बसणाऱ्या लायब्ररीपेक्षा कधीही चालेल.

उणीव सांगायची तर याद्यांची, आणि ती मला खरोखर बोचते. यादी दाखवायला लिस्टकंट्रोल आणि डेटाव्ह्यूकंट्रोल असे दोन घटक आहेत. लिस्टकंट्रोल विंडोजवर अस्सल, म्हणजे त्या यंत्रणेचंच आहे, जीटीकेवर डब्ल्यूएक्सने स्वतः रंगवलेलं. डेटाव्ह्यूकंट्रोलचं नेमकं उलटं: जीटीके आणि मॅकवर अस्सल, विंडोजवर रंगवलेलं. ताईंसारख्या वाचकांसाठी अस्सल यादी हवी, म्हणून मी एकाच पुस्तकयादीचे दोन वर्ग लिहिलेत आणि सुरू होताना प्लॅटफॉर्म बघून एक निवडते. कॉलम वाढवायचा झाला की दोन्हीकडे वाढवते. गेल्या महिन्यात ‘अनुवादक’ हा कॉलम घातला तेव्हा दोन्हीकडे घालून दोन्ही प्रकारच्या संगणकांवर स्क्रीन रीडर लावून ऐकला. खिडकी कुठे होती ते लक्षात ठेवून तिथेच उघडायची सोय मात्र वेलँडवर काढून टाकली. तिथे प्रोग्रॅमला स्वतःची जागा ठरवताच येत नाही.

पावत्या, याद्या, अर्ज असलं रोजच्या कामाचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला मी डब्ल्यूएक्स-पायथन मोकळ्या मनाने सुचवते. सगळीकडे हुबेहूब एकसारखं दिसायला हवं असेल तर क्यूटी ही दुसरी लायब्ररी बघा.