तळाचा गाळ फेकू नका! जर्मन गव्हाची बिअर सांगलीत पिऊन बघितली, त्याचा रिव्ह्यू

ज्यांनी आत्तापर्यंत परमिट रूममधली चिल्ड स्ट्राँगच प्यायलीय त्यांनी ही बाटली एकदा तरी घ्याच, पण घेतल्यावर ओतायची कशी ते आधी वाचा, कारण ह्या बिअरचं अर्धं काम ओतण्यात आहे. बिअरचं नाव वायहेनस्टेफानर हेफेवाइसबिअर, प्रकार हेफेवायझन. ५०० मिलीची बाटली, अल्कोहोल ५.४ टक्के. 'हेफे' म्हणजे यीस्ट आणि 'वायझन' म्हणजे गहू, प्रकाराच्या नावातच सगळं आलं. बवेरियात म्युनिकजवळ फ्रायसिंग म्हणून गाव आहे तिथली ही ब्रुअरी, ते स्वतःची सुरुवात १०४० सालची सांगतात, आधी मठ होता आणि आता बवेरिया सरकारच्या मालकीची आहे.

आधी माझा वाईट अनुभव सांगतो. पहिल्यांदा गव्हाची बिअर घेतली ती इथल्याच एका बिअर शॉपीतून, ब्रँड दुसरा होता आणि चूक ब्रँडची नव्हतीच. बाटली शोकेसमध्ये उभी, समोरून दुपारचं ऊन आणि वर दिवसभर ट्यूबलाइट. मी तारीख न बघता घेतली, घरी येऊन बघतो तर मुदत संपायला दोन आठवडे राहिलेले. उघडल्यावर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, अर्धी सिंकमध्ये ओतली. ही बिअर ताजीच प्यायची असते, जुनी झाली आणि वर सांगलीचं ऊन खाल्लं की तिच्यातलं जे खास असतं तेच आधी जातं. त्यामुळं तारीख बघा आणि बाटली फ्रीजमधलीच मागा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे, एवढे पैसे मोजतोय आपण, एका बाटलीच्या पैशात देशी स्ट्राँगच्या दोन-तीन येतात.

त्यानंतर पुण्याला गेलो होतो तेव्हा ह्या वायहेनस्टेफानरच्या तीन आणल्या, तारखेला चांगली, थंड कपाटातली. प्रवासात आडव्या झाल्या असतील म्हणून घरी आल्यावर दोन दिवस फ्रीजमध्ये उभ्या करून ठेवल्या, म्हणजे यीस्ट तळाला बसतं आणि मग ते ग्लासात कधी घ्यायचं हे आपल्या हातात राहतं.

तिसऱ्या दिवशी तासगावहून दाजी आले, द्राक्षं उतरून मोकळे झालेले, निवांत होते. विश्रामबागेत आमच्या गच्चीवर संध्याकाळी बसलो. दाजींनी बाटली उजेडाला धरली आणि म्हणाले, "अरं, खाली गाळ बसलाय की! नासकी हाय ही, परत देऊन ये." मी म्हणलं, दाजी थांबा, ते यीस्ट आहे, गाळली नाही म्हणून आहे आणि मुद्दामच गाळत नाहीत. त्यांना काय पटेना.

वायझनचा खरा ग्लास उंच असतो, खाली बारीक वर फुगीर, अख्खी अर्धा लिटर बिअर आणि वर फेस मावेल एवढा. तो घरात नव्हता, म्हणून काचेचे दोन उंच फालुद्याचे ग्लास घेतले आणि बाटली दोघांत करायची ठरवली. आणि इथंच मला ही बिअर खरी कळली. मी सवयीनं दाजींचा ग्लास आधी भरला, तिरका धरून हळूहळू, आणि उरलेली मला. दाजींच्या ग्लासात आली जवळजवळ निवळ, फिक्कट सोनेरी, आणि माझ्या ग्लासात सगळं यीस्ट आलं, रंग ताज्या उसाच्या रसासारखा गढूळ. एकाच बाटलीतले दोन ग्लास! अदलाबदल करून प्यायलो. निवळ ग्लास चांगलाच होता, हलका, किंचित गोडसर, पण पाण्याकडं झुकणारा. गढूळ ग्लासात तोंड भरून चव, ताज्या पावाचा वास, घोट गेल्यावरही जिभेवर मऊ काहीतरी रेंगाळत होतं. दाजी दोन घोट शांतपणे प्यायले आणि म्हणाले, "ताकाचं बी असंच की. तांब्यात ठिवलं की वर निवळी आन खाली दाट. नुसती निवळी कोण पितं व्हय?" मी एवढं वाचून जे समजावू शकलो नव्हतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

म्हणून दुसऱ्या बाटलीला नीट केलं, आणि तुम्हीपण असंच करा. ग्लास आतून गार पाण्यानं विसळून घ्या, पुसू नका, ओल्या काचेवर फेस आवरतो. ग्लास चांगला आडवा करून बाटलीचं तोंड काचेला लावून सावकाश ओता, घाई केली की सगळा फेसच होतो, ह्या बिअरमध्ये गॅस आपल्या नेहमीच्या लागरपेक्षा जास्त असतो. तळाला दोन-तीन बोटं राहिली की थांबा. बाटली हातात धरून गोल गोल फिरवा म्हणजे तळाचं सगळं सुटतं, आणि ते फेसावर ओता. दोघांत करणार असाल तर दोन्ही ग्लास आधी पाऊण भरा आणि मग तळाचं अर्धं अर्धं वाटा, एकट्यालाच सगळं देऊ नका. फेस गव्हातल्या प्रथिनांमुळं दाट येतो, सायीसारखा, आणि बराच वेळ टिकतो. फक्त तेलापासून सांभाळा. आम्ही भडंग खात होतो, त्याच ओठांनी ग्लास लावला तर जिथं ओठ लागले तिथला फेस डोळ्यांदेखत बसला आणि बाकीचा उभाच होता.

थंडपणाबद्दल. आपल्याकडं बिअर म्हणजे बर्फासारखीच पाहिजे, पण ही तशी प्यायली तर वासच येत नाही. ७-८ डिग्री बास. फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं ठेवली की झालं, सांगलीच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवू नका. अर्धा ग्लास झाल्यावर पिकलेल्या केळ्याचा वास वर येतो, शिकरणाचं भांडं उघडल्यासारखा, आणि मागून लवंग. ह्यात केळं पण घालत नाहीत आणि लवंग पण नाही. पाणी, गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), जवाचं माल्ट, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) आणि यीस्ट एवढंच, दोन्ही वास त्या विशिष्ट यीस्टनं आंबताना तयार केलेले असतात. जर्मनीत वायझन म्हणून विकायची तर निम्मं तरी माल्ट गव्हाचं लागतं. कडूपणा अगदी कमी, त्यामुळं ज्यांना बिअर कडू म्हणून आवडत नाही त्यांनाही चालेल.

गंमत म्हणजे १५१६ च्या बवेरियाच्या कायद्यात बिअरला फक्त जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी होती, गहू नाहीच. गव्हाची बिअर करायचा हक्क अपवाद म्हणून एका सरदार घराण्याकडं होता, ते घराणं १६०२ मध्ये संपल्यावर तो राजघराण्याकडं गेला, आणि पुढं मागणी घटल्यावर १८७२ साली गेऑर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरनं तो मिळवला. त्या माणसाचे आभारच मानले पाहिजेत.

बरोबर काय खायचं? तिकडं दुपारच्या आत पांढरे सॉसेज, गोड मोहरी आणि ब्रेत्झेल (गाठीच्या आकाराचा पाव) घेऊन पितात. आपल्याकडं सांगलीचं भडंग मस्त जातं, लसूण आणि शेंगदाण्याला ही बिअर छान उतरते. पांढरा रस्सा पण चालतो. तांबडा रस्सा नको, त्या तिखटात केळं-लवंग काहीच कळत नाही. आणि लिंबू पिळू नका! एका हॉटेलात मला ग्लासच्या कडेला लिंबाची फोड खोचून आणून दिली होती, लिंबाच्या सालीतल्या तेलानं फेस बसला आणि आंबटपणात बाकीचा वास गेला. मागवताना आधीच सांगून ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो किमतीमुळं, दर आठवड्याला परवडणारी गोष्ट नाही. आता तिसरी बाटली फ्रीजमध्ये उभी आहे आणि वायझनचे उंच ग्लास ऑनलाइन मागवलेत. त्यांचा तळ जाड असतो, म्हणून तिकडं चिअर्स करताना वरची कड न लावता तळाला तळ लावतात. दोन मागवलेत, एक दाजींचा.