मणक्यांसाठी मणी

लाकडी मण्यांचं सीट कव्हर गाडीला बांधलं त्या दिवशी बायको म्हणाली, "आता मीटरही बसवून घ्या."

तिचं काही चुकलं नाही. आमच्या पिढीने हे कव्हर पाहिलं ते काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत. मागे बसलं की समोर ड्रायव्हरची पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी डोकावणारे तपकिरी मणी. २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरली म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, आणि चार महिन्यांनी मी मणी घेतले. वारसा वगैरे काही नाही, कंबर दुखत होती.

रोजचं ऑफिस मुलुंड पूर्वेहून बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. पूर्वी लोकलने कुर्ला, मग पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग. मणक्यातली गादी सरकल्यावर डॉक्टरांनी गर्दीतले धक्के बंद करायला सांगितले, म्हणून गाडी काढली. मेट्रो-३ आता बीकेसीतून जाते खरी, पण आमच्या बाजूच्या माणसाला तिच्यापर्यंत पोचायलाच निम्मी मुंबई ओलांडावी लागते. सव्वाआठला निघालो तर पन्नास मिनिटं, पावणेनऊ झाले की सव्वा तास. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीपर्यंत गाडी निदान सरकते. घाटकोपर मागे पडलं की खेळ सुरू होतो: छेडानगर, अमरमहल, मग सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. हाफ क्लच, पहिला गिअर, ब्रेक, न्यूट्रल. एकदा घाटकोपरपासून क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. अमरमहलच्या अलीकडेच शंभर झाले, नाद सोडला.

कव्हर घेतलं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे गाडीला काय काय लावता येतं हे बघूनच माणूस थकतो. दुकानदाराने साडेआठशे सांगितले, सहाशेला दिलं. प्लॅस्टिकच्या मण्यांचं साडेतीनशेला होतं. ते घेऊ नका. आमच्या ऑफिसातल्या एकाने घेतलं, आणि मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसल्याबरोबर तो ज्या वेगाने उठला, तो मी अजून विसरलो नाही. लाकूडही तापतं, पण इतकं नाही.

आता मुद्द्याचं. दुकानात सांगतात की मण्यांनी "ॲक्युप्रेशर होतं, पाठदुखी जाते". पाठदुखी जात नाही. पहिले दोन आठवडे मलाही वाटलं की गेली. नव्या वस्तूचं कौतुक, दुसरं काय. मणी कमरेला टोचतात, मूळ दुखणं थोडा वेळ बाजूला पडतं. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "सीट किती मागे ठेवता?" क्लच तळापर्यंत दाबताना माझा पाय पुरा ताणला जायचा, कंबर सीटपासून सुटायची, आणि हे तासाला दीड-दोनशे वेळा. त्यांनी सीट दोन खाचा पुढे घ्यायला लावली, कमरेच्या खोलगट भागात पंचा गुंडाळून ठेवायला सांगितला आणि मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावलं. फरक पडला तो याने. पंचा घरातलाच होता.

मग मणी काढून का टाकले नाहीत? घामामुळे. एसी समोरून कितीही मारा, पाठ आणि फोम यांच्यामध्ये हवा जात नाही. आधी ऑफिसात पोचलो की शर्टावर पाठीमागे अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा उमटलेला असायचा, कोकणपट्टीसकट. मण्यांमधल्या फटींतून हवा खेळते, शर्ट कोरडा राहतो. ऑक्टोबर हीटमध्ये सव्वा तास बसून कोरड्या पाठीने लिफ्टमध्ये शिरणं हे सुख सहाशे रुपयांत महाग नाही. याच एका कामासाठी घेणार असाल तर डोळे मिटून घ्या.

कव्हर बसवल्यावर आपण सीटवर बोटभर वर येतो, तेव्हा आरसे पुन्हा लावून घ्या. मी दोन दिवस मागच्या गाडीचं फक्त बॉनेट बघत होतो. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती कड झाकणारं कव्हर नकोच, साइड एअरबॅग तिथूनच बाहेर येते. पुढून-मागून नुसतं लोंबणारं, कडा उघड्या ठेवणारं घ्या. ते घसरतं मात्र. सोबत आलेलं इलॅस्टिक महिन्याभरात सैल पडलं, मग मी सुतळीने खालून आवळलं.

खरी खोड ओवणीची आहे. मणी तंगूसात ओवलेले असतात आणि सीटची बैठक जिथे गुडघ्याकडे वळते तिथे तो झिजतो, कारण क्लचवरची मांडी तिथेच घासते. आठव्या महिन्यात लिंक रोडच्या उतारावर टप् असा आवाज आला आणि मणी पायात घरंगळले. एक ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसला. वेग दहाचाही नव्हता म्हणून वाचलो. पायाने खरवडून काढला, तेवढ्यात मागच्याने हॉर्न वाजवून माझं खानदान काढलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, मण्यांची गॅरंटी आहे, दोऱ्याची नाही." तेव्हापासून दर महिन्याला पुढची कड बोटांनी चाचपून बघतो. तुम्हीही बघा, हे गमतीचं नाही.

दोन पावसाळे काढले. ओल्या पँटने बसून बसून जुलैअखेर लाकडाला कुबट वास येतो. ऊन पडलं की गॅलरीत वाळत टाकतो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी लांबून विचारलं होतं, "अहो, सांडगे का?" बायकोचा मात्र या कव्हरवर राग कायम आहे. दादरला लग्नाला जाताना गाडी ती चालवत होती, आणि चिरलेल्या मण्यात तिच्या पैठणीचा धागा अडकला. रफूवाल्याने कव्हरपेक्षा जास्त घेतले.

पाचपैकी तीन देतो. ओवणी चांगली असती तर चार दिले असते. तुटलेला भाग फुलवालीकडून दुहेरी तंगूसात ओवून घेतला. तिने चाळीस रुपये घेतले आणि ओवण वर्षभर टिकली आहे. गेल्या सर्व्हिसिंगला गॅरेजमधल्या पोराने बिलासोबत प्लॅस्टिकची एक पुडी हातात ठेवली. "सीटखाली सापडले, अंकल." सात मणी होते. माझ्या हिशेबाने अजून चार आत आहेत.