ओदेसानला गेलात तर खालच्या देवळावरून परतू नका

दक्षिण कोरियात सुवॉनला लेकीकडे तीन महिने राहून आले. जावयाच्या ऑफिसातल्या आपल्या मंडळींनी आधीच बजावलं होतं, "काकू, ओदेसान डोंगरातलं देऊळ नवंच आहे, तासाभरात बघून होतं. त्यापेक्षा सोराकसानला जा, तिथे रोपवे आहे." रोपवे आहे हे खरं. पण वाईच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढल्यावर कोणी पुस्तक नुसतं चाळून परत केलंय, ते न विचारता कळतं. ही मंडळी पहिलं प्रकरण वाचून परतली होती. आम्ही मायलेकी दोन दिवस राहिलो. पाचातला एक तारा कमी का दिला ते खाली येईलच.

पोचायचं कसं ते आधी सांगते. २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर सोल ते गांगनंग वेगवान रेल्वे झाली, तिने दीडेक तासात जिन्बू स्टेशन येतं. तिथून वॉलजॉंगसा देवळाची बस. बसगाड्या मोजक्या आहेत, वेळा आधी बघून ठेवा. फोनवर नेव्हर या कोरियन अ‍ॅपचा नकाशा घ्या, गुगलचा तिथे चालत जाणाऱ्याला रस्ता सांगत नाही. देवळाचं प्रवेश तिकीट २०२३पासून बंद झालंय, गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे पडतात.

पहिल्या कमानीपासून देवळापर्यंत साधारण किलोमीटरभर फरच्या झाडांमधून मातीची वाट आहे. सरळसोट, उंच झाडं, मान मोडेपर्यंत वर बघावं. कोरियन आज्या बूट हातात घेऊन अनवाणी चालत होत्या, मग मीही चपला काढल्या. ऑक्टोबरातली माती इतकी गार होती की पहिली दहा पावलं पश्चात्ताप झाला. वाटेत सहाएकशे वर्षांचं एक झाड आडवं पडलंय. ते २००६ साली वाऱ्यात कोसळलं. खोड आतून पोकळ, त्यात पोरं शिरून फोटो काढतात. ते उचलून नेलं नाही, जिथे पडलं तिथेच ठेवलंय, हे मला फार आवडलं. इथे एका गाजलेल्या कोरियन मालिकेचं चित्रण झालंय, त्यामुळे शनिवार-रविवारी तरुण जोडप्यांची गर्दी असते. मधल्या वारी जा.

आता देऊळ. ते नवं आहे, मंडळी खोटं बोलत नव्हती. वॉलजॉंगसाची स्थापना ६४३ सालची मानतात, पण १९५१च्या जानेवारीत, कोरियन युद्ध चालू असताना, शत्रूला आसरा मिळू नये म्हणून दक्षिणेच्याच सैन्याने ते जाळलं. आज दिसतात त्या रंगीत इमारती त्यानंतरच्या. उरला तो अंगणातला दगडी मनोरा. अष्टकोनी, नऊ मजली, पंधरा मीटर उंच. त्याच्या कोपऱ्याकोपऱ्याला लहान घंट्या टांगल्यात. दुपारी सहलीचे लोक होते तेव्हा एकही ऐकू आली नाही. संध्याकाळी अंगण रिकामं झालं, वारा सुटला आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुक्काम करा म्हणते ते एवढ्यासाठी.

देवळाजवळच कोरियाच्या जुन्या जोसॉन घराण्यातल्या राजांच्या बखरींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. लेक म्हणाली होती, "आई, अर्धा तास पुरे." मी अडीच तास घेतले. जोसॉन राजवटीत दरबारात जे जे घडे ते इतिहासकार टिपून ठेवत आणि राजा मेल्यावर त्याची बखर तयार होई. जिवंत राजाला स्वतःबद्दलचं लिखाण वाचायची मुभा नव्हती. १४०४ साली राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठता उठता म्हणाला, हे इतिहासकाराला कळू देऊ नका. बखरीत त्याचं पडणंही आहे आणि हे वाक्यही आहे. मी संग्रहालयात एकटीच मोठ्याने हसले, पहारेकरी बघायला लागला.

या बखरींच्या प्रती वेगवेगळ्या गावी ठेवलेल्या असत. १५९२ला जपानी स्वारी झाली, त्यात जॉन्जूची एकच प्रत वाचली. मग नव्याने छपाई करून प्रती डोंगरांत नेऊन ठेवल्या, ओदेसानचं कोठार १६०६चं. गंमत म्हणजे इथे आली ती मुद्रितशोधनाची प्रत. चुकलेल्या अक्षरांवर खुणा, शेजारी दुरुस्ती. काचेतून ते पान बघताना आमच्या छापखान्यातली कच्ची प्रुफं आठवली. आपण ती रद्दीत घालतो, यांनी राजाच्या कोठारात ठेवली, कारण वाईट दिवस आले तर तीही कामाला येईल. आणि वाईट दिवस आलेच. १९१३ साली जपान्यांनी ७८८ खंड टोकियोच्या विद्यापीठात नेले आणि १९२३च्या भूकंपात लागलेल्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. वाचलेले थोडे १९३२ साली परत आले, ४७ खंड थेट २००६ साली. नाना फडणवीसांचं दप्तर जिथे होतं त्या मेणवलीशेजारी राहणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते मेणवलीला गेलेल्यांना सांगायला नको.

रात्री देवळातच राहिलो. आधी नाव नोंदवावं लागतं. घालायला सैलसर कपडे देतात. खोलीत पलंग नसतो, खालून गरम केलेल्या जमिनीवर गादी टाकायची. पाठीला हे स्वर्गसुख आहे, पण उठताना गुडघे रडतात. सांधे धरत असतील त्यांनी विचार करून जावं, इथेच माझा अर्धा तारा गेला. १०८ नमस्कार घालायचे आणि दर नमस्काराला एक मणी ओवायचा असाही कार्यक्रम होता. लेकीची माळ पूर्ण झाली, माझी सत्तावीस मण्यांवर थांबली. ती सत्तावीसचीच घरी आणलीय.

जेवणात मांस, मासे, अंडी काही नाही, कांदा-लसूणही नाही. थोडक्यात चातुर्मासाचा स्वयंपाक. रानातल्या भाज्या, टोफू, भात, मुळ्याचं सूप. घ्याल तेवढं संपवायचं आणि आपलं ताट आपण धुवायचं. काकड्याची सवय असल्यामुळे पहाटे साडेचारला उठायचं काही वाटलं नाही. भिक्षूंचा ठेका लाकडी ठोकळ्यावर चालू होता, शब्द अर्थातच डोक्यावरून जात होते. आणि शेवटी कानावर आलं, "आजे आजे बाराजे". एकदम लख्ख पेटलं. "गते गते पारगते!" बौद्धांच्या प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा शेवट. संस्कृत शब्द चिनी अक्षरांतून कोरियन तोंडात जाऊन कसे झिजले बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वर सांग्वॉनसाला गेलो. आमच्या मंडळींनी सोडलेली प्रकरणं ती ही. १९५१ला जाळायचा हुकूम या देवळालाही होता. वृद्ध भिक्षू हानाम अंगावर वस्त्र नीट घेऊन आत बसले आणि म्हणाले, आता जाळा. अधिकाऱ्याने दारं तेवढी काढून जाळली आणि देऊळ राहिलं. तसंच राहिलं १४६६चं बाल मंजुश्रीचं लाकडी शिल्प. (हो, मंजुश्री. आपल्याकडे हे मुलीचं नाव, तिथे ज्ञानाचा बोधिसत्त्व.) पायऱ्यांपाशी दोन दगडी मांजरं आहेत. राजा सेजो आत शिरत असताना मांजराने त्याच्या वस्त्राला धरून ओढलं आणि आत दबा धरलेल्या मारेकऱ्यापासून तो वाचला, अशी कथा सांगतात.

आणि घंटा. ७२५ सालची, कोरियात टिकलेल्यांत सर्वांत जुनी. आपलं वेरूळचं कैलास लेणं तेव्हा कोरायला घेतलेलं नव्हतं. तिच्या अंगावर उडत उडत वाद्यं वाजवणाऱ्या अप्सरा आहेत. ती मूळची आनदोंगची, १४६९ साली इथे आणली. डोंगराच्या खिंडीत ती जागची हलेना, तेव्हा तिच्या अंगावरच्या छत्तीस बोंडांपैकी (बोंडासारख्या उंचवट्यांपैकी) एक कापून आनदोंगला परत पाठवलं, मग निघाली म्हणे. मेणवलीच्या घाटावरची घंटाही अशीच लांबून, चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर वसईहून आलेली. ती कोणीही वाजवू शकतं. ही काचेत आहे, वाजवायला शेजारी प्रतिकृती. काचेभोवती फिरून मी बोंडं मोजली, पण मागची बाजू नीट दिसत नाही.

परत येताना बस सोडा आणि सॉन्जेगिल नावाच्या वाटेने ओढ्याच्या काठाकाठाने खाली या. नऊएक किलोमीटर आहे, उतार सौम्य आहे. आम्हाला चार तास लागले, कारण मी दर लाल मेपलखाली बसले. चढून जाण्यापेक्षा उतरणं सोपं, म्हणून आधी बसने वर जायचं.

उरलेला अर्धा तारा गेला बाहेरच्या जेवणात. रस्त्यावरच्या एका खाणावळीत लेकीने कोरियनमध्ये दोनदा सांगितलं की मांस-मासे नको. आमटीसारख्या सूपात तळाशी सुकट निघालीच. विचारलं तर बाई म्हणाल्या, "हे मासे नाहीत, चवीसाठी घालतो." भांडायचं काय यावर? दुसरीकडे गोंद्रे नावाच्या रानभाजीचा भात आणि बटाट्याचं धिरडं मिळालं. धिरड्याला उपासाच्या थालीपिठाची चव होती, फक्त जिरं नाही. शाकाहारी असाल तर 'म्यॉल्ची' हा शब्द पाठ करून जा. म्यॉल्ची म्हणजे ती सुकट. आणि पिशवीत दशम्या ठेवा, मी ठेवल्या होत्या. त्या सॉन्जेगिलवर एका खडकावर बसून खाल्ल्या, एक तुकडा खारीने पळवला.