सीएस अनप्लग्डचा संत्र्यांचा खेळ: संगणकाविना इंटरनेट

सीएस अनप्लग्ड म्हणजे संगणकशास्त्र संगणकाविना शिकवणारा, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाचा मोफत उपक्रम. त्यातला हा खेळ नेटवर्कमधली कोंडी मुलांना हातांनी समजावतो. किमान पाच मुलं गोल बसवा. प्रत्येकाला एक अक्षर आणि त्याच अक्षराची दोन संत्री. एकाच मुलाचं एकच, म्हणजे एक हात रिकामा. आता संत्री मिसळून वाटा. प्रत्येकाकडे आपापल्या अक्षराची संत्री परत पोचली की खेळ जिंकला. एका हातात एकच, आणि द्यायचं फक्त शेजाऱ्याच्या रिकाम्या हातात. आपलं संत्रं मिळताच मूल ते घट्ट धरतं नि सगळं अडतं. उपाय सांगू नका, त्यांनाच सुचू द्या! चिमुकल्या हातांना लिंबं बरी.

उणीव एकच: इंटरनेटवर जाताना निरोपाचे तुकडे होतात हे यात दिसत नाही. त्यासाठी चिठ्ठी चार तुकड्यांत कापा, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक लिहा, वेगवेगळ्या वाटांनी पाठवा. हरवलेला तुकडाच पुन्हा मागवायचा.