डायनॅमो की बॅटरी, ट्यूबलेस की ट्यूब: बेळगावातून बीआरएमला निघण्याआधी

बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. यंदा ३०० किंवा ४०० किलोमीटरची बीआरएम करायचीच असं ठरवलेल्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. लाइट कोणती, टायर कोणता, सामान कशात भरायचं? मी आधी उलट एक प्रश्न विचारतो. ही वस्तू रात्री दोनला तवंदी घाटाखाली बंद पडली, तर तुमच्या हातांनी आणि जवळच्या अवजारांनी ती चालू होईल का? बीआरएममध्ये मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदीच्या थांब्यावर, भेटू शकते, मधल्या रस्त्यावर तुमचं तुम्हीच बघायचं. २०० ला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. डिसेंबरात सकाळी सहाला सुटलात की संध्याकाळी सहाच्या पुढे अंधार पडतो आणि ३०० ची मुदत रात्री दोनला संपते. म्हणजे आठ तास अंधारातले. ४०० ला तर जवळपास तेरा तासांची अख्खी रात्र काढायची असते.

म्हणून पैसे आधी लाइटवर घाला, बाकी सगळं नंतर.

बॅटरीच्या लाइटवर हजार ल्युमेन लिहिलेलं असतं, पण एवढा उजेड दीड-दोन तासच टिकतो. आठ तास न्यायची तर तीनशे-चारशेवर चालवावी लागते. माझ्या पहिल्या ३०० ला हायवेवर ट्रकच्या झोतात काही दिसेना म्हणून मी ती पूर्ण उजेडावर ठेवली आणि संकेश्वरच्या अलीकडेच लाल दिवा लुकलुकायला लागला. पॉवर बँक होती, पण ती लाइट चार्जिंगला लावली की पेटतच नव्हती. एका ढाब्यावर पन्नास मिनिटं बसून राहावं लागलं. तेव्हापासून विकत घेताना पहिली चौकशी हीच करतो: चार्ज होत असताना पेटते का? घरी चाचणी घेताना लाइट टेबलफॅनसमोर ठेवा. वारा नसला की ती तापून आपोआप मंद होते आणि हाती येणारे तास खोटे असतात.

डायनॅमो हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, चाक फिरलं की वीज देणारा हब: ६ व्होल्ट, ३ वॉट. चाक फिरतंय तोवर उजेड, चार्जिंगची काळजी नाही. वंटमुरीचा चढ आठ-नऊच्या वेगाने चढताना उजेड थरथरतो, पण त्या वेगाला तेवढा पुरतो, आणि उतारावर जिथे खरी गरज असते तिथे तो भरपूर मिळतो. पायाला ओढ जाणवेल अशी भीती लोक घालतात, मला ती कधी जाणवली नाही. अडचणी दोन आहेत. थांबलात की काही मिनिटांत अंधार होतो, म्हणून पंक्चर काढायला डोक्याला लावायची छोटी बॅटरी लागतेच. दुसरी किमतीची: हब, नव्याने विणलेलं चाक आणि लाइट मिळून एखाद्या साध्या हायब्रिड सायकलीएवढा खर्च येतो. वायरची पिन निघाली तर बोटांनी परत बसते. हब आतून बिघडला तर रस्त्यावर काही करता येत नाही, पण तसं क्वचितच होतं.

या हंगामात २०० आणि ३०० वरच थांबणार असाल तर एका मोठ्या लाइटऐवजी मध्यम अशा दोन बॅटरी लाइट घ्या. ४०० आणि पुढचं मनात असेल तर पैसे साठवा आणि डायनॅमोच बसवा.

टायरच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे दोन तोंडवळे आहेत. पूर्वेला नेसरगी-यरगट्टीकडे काळी माती आणि बाभळीचे काटे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे तांबडा चिखल, धारेचे दगड, खड्डे. पूर्वेला ट्यूबलेसला, म्हणजे आत ट्यूबऐवजी भोक बुजवणारं पातळ सीलंट भरलेल्या टायरला, तोड नाही. काटा उपसला की भोकातून सीलंटचा पांढरा थेंब फसफसतो, चाक दोन वेळा फिरवलं की भोक बंद. एका रविवारी यरगट्टीहून परत येईपर्यंत पंक्चर म्हणून एकदाही उतरलो नाही. पुढच्याच महिन्यात जांबोटीच्या पुढे दगडाने टायरची बगल फाडली. सीलंट सगळं चेनवर उडालं आणि आत ट्यूब घालायची वेळ आली. घालण्याआधी सवयीने टायरच्या आतून बोट फिरवलं, तर सात काट्यांची टोकं हाताला लागली. सीलंटने ती इतके दिवस झाकून ठेवली होती. तशीच ट्यूब घातली असती तर पाच मिनिटांत बसली असती.

ट्यूबलेसचा टायर रिमवर घट्ट बसतो. घरी बसल्या जागी तो तुमच्या अंगठ्यांना निघत नसेल तर थंडीने आखडलेल्या हातांना रात्री निघणार नाही. अशांनी सरळ ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर, दोन जास्तीच्या ट्यूब आणि पॅच घ्यावेत. २८ चा टायर थोडा चपळ असतो हे खरं, पण खानापूरकडचे खड्डे बघता मी तो कुणालाच सुचवत नाही. आणि काहीही घेतलंत तरी बारीक फ्रेंच व्हॉल्व्हवर बसणारं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. त्यावर हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. फक्त त्याला थोडी थोडी मारायला सांगा, कॉम्प्रेसरला सायकलीचं टायर म्हणजे क्षणाचं काम.

सामानाला मागची लांब सॅडल बॅग की कॅरियर? ४०० पर्यंत बॅग पुरते. जड वस्तू सीटपोस्टच्या बाजूला घट्ट भरा, नाहीतर चढावर उभं राहिलात की ती शेपटासारखी हलते. कॅरियरवरच्या पिशव्यांना उघड्या माळावर वारा फार लागतो.

मोबाइल की जीपीएस, यात पावसाळ्याच्या राइडला जीपीएसच घ्या. ओल्या काचेवर मोबाइल बोटाचं ऐकत नाही. एरवी मोबाइल चालतो, सोबत गावांची नावं आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

हे सगळं जमवल्यावर बीआरएमच्या तीन आठवडे आधी, शनिवारी संध्याकाळी, पूर्ण भरलेली सायकल घेऊन निपाणीपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास होतात. येताना हत्तरगीजवळ रस्त्यापासून बाजूला, अंगात चमकणारं जॅकेट घालून थांबा, मागच्या चाकाची हवा मुद्दाम सोडा आणि घड्याळ लावून ट्यूब बदला. गेल्या खेपेला मला २६ मिनिटं लागली, त्यातली नऊ बॅगेच्या तळातून पंप काढण्यात गेली. पंप आता फ्रेमला बांधलाय.