संशयकल्लोळ: शब्द पोहोचला की नाटक पोहोचते

'संगीत संशयकल्लोळ' या नाटकाची बहुतेकांची ओळख ध्वनिमुद्रित पदांपुरतीच असते, आणि त्यामुळे हे नाटक मुळात एक अत्यंत नेटके प्रहसन आहे, ही गोष्ट विसरली जाते. सांगलीतील एका हौशी संस्थेने नुकताच सादर केलेला प्रयोग पाहताना तिचा पुन्हा प्रत्यय आला. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे प्रेक्षागृहात या नाटकाविषयी एक प्रकारचा घरोबा होता. तरीही प्रयोगाला जी दाद मिळाली, ती कलावंतांनी स्वतःच्या कामावर मिळवलेली होती.

नाटकाची नायिका रेवती हिला भर रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेवढेच त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिचा प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो, आणि पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे पाहून अश्विनशेठ रेवतीवर संशय घेऊ लागतो. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले असते. चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ. फ्रेंच नाटककार मोलिएरने 1660 मध्ये रचलेली ही गुंफण आर्थर मर्फीच्या 1761 मधील इंग्रजी नाटकातून देवलांपर्यंत आली. त्यांनी ती आधी गद्यात आणली आणि नंतर तिला पदांची जोड दिली. महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे धारण करणारी ही माणसे इतकी अस्सल मराठी झाली आहेत की, कथेचे मूळ परके असल्याची शंकाही प्रेक्षकाला येत नाही.

देवलांनीच 'झुंजारराव' या नाटकातून शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ची कथा मराठीत आणली होती. संशयाने माणसाचा सर्वनाश कसा होतो, हे ज्याने इतक्या जवळून हाताळले, त्याच लेखकाने पुढे त्याच विकारावर असे खळखळून हसवावे, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणूनच फाल्गुनरावाचे काम करणाऱ्या नटाने विदूषकी चाळे टाळावेत आणि त्याचा संताप खरा मानूनच बोलावे, अशी माझी अपेक्षा असते. या प्रयोगातील फाल्गुनराव नेमका तसाच होता. तसबीर हाती लागल्यावर त्याने घेतलेला लांब विराम, त्यानंतर अगदी हळू आवाजात विचारलेला पहिला प्रश्न आणि मग चढत गेलेला स्वर, यांत पुरावा हाती आल्याचे एक दुःखी समाधान होते. जुन्या काळातील नट गणपतराव बोडस यांनी गाजवलेली ही भूमिका मुख्यतः गद्याची आहे. आजूबाजूला सगळे गात असताना केवळ बोलण्याच्या लयीवर प्रसंग तोलून धरणे सोपे नाही, आणि ते या नटाला उत्तम साधले. कृत्तिकाही त्याला तोडीस तोड होती. भांडणात ती एक शब्दही गिळत नव्हती.

गाण्याच्या बाबतीत दिग्दर्शकाने दाखवलेला संयम मला विशेष आवडला. विनोदी संगीत नाटकात पद फार लांबले की प्रसंगाची पकड सुटते, आणि पद फारच आवरले की रसिक हिरमुसतात. अश्विनशेठने दरबारी कानड्यातील 'मृगनयना रसिक मोहिनी' हे पद मोकळेपणाने खुलवले, कारण तेथे कथेला घाई नाही. 'वन्स मोअर' मिळूनही त्याने शेवटचा चरणच पुन्हा घेतला. रेवतीने मात्र 'संशय का मनि आला' हे पद ताना आवरून, प्रश्न विचारल्यासारखे गायले. गंधर्व नाटक मंडळीने ऑक्टोबर 1916 मध्ये, म्हणजे देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, हे नाटक रंगमंचावर आणले तेव्हा रेवती बालगंधर्वांची होती. ती छाया आजही या भूमिकेवर असते. या गायिकेने तिचे अनुकरण केले नाही, हे तिचे धाडस आणि तिची समजही.

ध्वनिव्यवस्थेविषयी मात्र स्पष्टपणे तक्रार करायला हवी. ऑर्गन आणि तबला ध्वनिक्षेपकावरून इतके मोठे येत होते की पहिल्या अंकात पदांचे निम्मे शब्द मागच्या रांगांपर्यंत पोहोचलेच नाहीत. ख्यालाच्या मैफलीत शब्द थोडे पुसट झाले तरी चालते, पण येथे पदातला शब्द म्हणजे पुढच्या संवादाची पूर्वतयारी असते, आणि तो हरवला की त्यावर बेतलेला हशाही हरवतो. मध्यंतरानंतर साथ खाली आणली गेली, आणि त्याच प्रेक्षकांचा प्रतिसाद लगेच दुपटीने वाढला.

संहितेची काटछाट बहुतांशी जाणतेपणाने केलेली आहे, मात्र भादव्याचे प्रसंग आणखी कापायला नको होते. मालकांच्या संशयाला हा नोकर पाय फोडतो. तो कमी झाला की काही गैरसमज आपोआप उगवल्यासारखे वाटतात. नाटकाला मुलांना जरूर न्यावे, कारण जुन्या वळणाची भाषा असली तरी घोटाळा डोळ्यांना दिसतो. या संस्थेचा पुढचा प्रयोग लागला तर शक्यतो पहिल्या आठ-दहा रांगांतील तिकीट काढावे, आणि संस्थेने त्याआधी साथीचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून तपासावा.